राजाबाईंचं नाव मनोऱ्याला कसं लागलं : एका नावाचा कागदोपत्री माग

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेला, विद्यापीठाच्या ग्रंथालयावर उभा असलेला घड्याळाचा मनोरा 280 फूट उंच आहे. त्याला ज्यांचं नाव आहे त्या राजाबाईंबद्दलची छापील माहिती मात्र दोन-तीन ओळींपुढे सहसा जात नाही. कापसाचे आणि शेअरांचे दलाल शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या त्या आई. मुलानं पैसे दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं, एवढं सर्वांना ठाऊक असतं. हे कोणत्या कागदावर उभं आहे, नावाची अट नेमकी केव्हा आली, ती कोणी मान्य केली आणि आईच्या अंधत्वाची जी गोष्ट सगळे सांगतात तिला आधार कुठे शोधायचा, हे आम्ही क्रमानं तपासत गेलो. आपल्या घराण्याचं नाव एखाद्या प्रसिद्ध वास्तूला कसं लागलं हे शोधणाऱ्या कोणालाही जवळपास याच वाटेनं जावं लागतं. म्हणून टप्पे, लागणारे कागद आणि अडण्याच्या जागा इथे तपशिलानं देत आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरावी. नाव बाईचं असलं तरी कागद पुरुषाच्या नावावर लावलेला असतो. सूचीत 'राजाबाई' शोधायला गेलं तर मनोरा बांधून झाल्यानंतरचेच उल्लेख पुढे येतात. नाव कसं पडलं हे ज्या कागदांत आहे ते 'प्रेमचंद रायचंद', 'विद्यापीठ – इमारती', 'विद्यापीठ – देणग्या' अशा मथळ्यांखाली असतात. माहीमच्या कॉजवेचंही, म्हणजे खाडीवरच्या भराव घातलेल्या रस्त्याचंही, तसंच. पैसे दिले आवाबाईंनी, आणि शोधायचं त्यांच्या पतीच्या, सर जमशेटजी जीजीभाईंच्या, नावाखाली. ज्या स्त्रीच्या नावानं शहर दीडशे वर्षं पत्ता सांगतं तिच्याबद्दल दप्तरात एवढं कमी असावं, ही गोष्ट हे काम करताना पावलोपावली जाणवते. म्हणूनच जे काही मिळेल ते नेमकं उतरवून ठेवणं गरजेचं वाटतं.

घरात सांगितली जाते ती हकिकत एकसंध असते. ती तशीच्या तशी घेऊन अभिलेखागारात गेलं की हाती काही लागत नाही, कारण सरकारी कागद खात्यांप्रमाणे आणि वर्षांप्रमाणे लावलेले असतात. म्हणून आधी हकिकतीचे तुकडे करायचे. आम्ही वहीत सहा रकाने आखतो : व्यक्ती, नातं, रक्कम, अट, मंजुरी आणि वापर. व्यक्ती म्हणजे जिचं नाव आहे ती. नातं म्हणजे पैसे देणाऱ्याशी तिचं काय नातं. रक्कम किती आणि किती हप्त्यांत. नावाची अट कोणत्या पत्रात. ती अट कोणत्या ठरावानं मान्य झाली. आणि त्यानंतर ते नाव प्रत्यक्ष केव्हापासून छापलं जाऊ लागलं. प्रत्येक रकान्यासमोर 'कागद' आणि 'ऐकीव' असे दोन उपरकाने. एकाही तुकड्याला दोन्हीकडे एकदम जागा द्यायची नाही.

राजाबाई टॉवरच्या बाबतीत सगळ्यात जास्त उजेड 'अट' या रकान्यातून पडतो. प्रेमचंदांनी 1864 मध्ये एक नव्हे, दोन देणग्या देऊ केल्या. ऑगस्टमध्ये दोन लाख रुपये, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीसाठी. ऑक्टोबरमध्ये आणखी दोन लाख, मोठं घड्याळ आणि घंटांचा संच असलेल्या मनोऱ्यासाठी. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं ही इच्छा या दुसऱ्या देणगीबरोबर आली. म्हणून नाव ग्रंथालयाला लागलं नाही, मनोऱ्याला लागलं. 'चार लाख रुपये दिले आणि आईचं नाव मागितलं' असं जे सरसकट लिहिलं जातं त्यात रक्कम बरोबर असते, पण ही घडी नाहीशी होते. घराण्याच्या दाव्यात अशा जोडदेणग्या बऱ्याचदा एकात एक मिसळलेल्या असतात. रक्कम गोल आणि मोठी दिसली की ती दोनदा-तीनदा मिळून झाली आहे का, हे आधी पाहावं.

त्याच शेठजींनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले, आणि तिथल्या शिष्यवृत्तीला त्यांचं स्वतःचं नाव आहे. दोन विद्यापीठं, एकच दाता. एकीकडे स्वतःचं नाव, दुसरीकडे आईचं. दाता एकाच वेळी इतर ठिकाणी काय करत होता हे पाहिल्याशिवाय नावाची निवड किती जाणीवपूर्वक होती ते कळत नाही.

तुकडे झाले की तारखांचा सांगाडा उभा करायचा. हे काम घरी बसून, छापील साधनांवरून होतं आणि पुढचे बरेच हेलपाटे वाचवतं. मुंबई विद्यापीठाची स्थापना 1857. दोन्ही देणग्या 1864. अमेरिकेतलं यादवी युद्ध 1865 च्या एप्रिलमध्ये संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि जुलै 1865 मध्ये मुंबईचा शेअरबाजार बसला. ग्रंथालय आणि मनोऱ्याची पायाभरणी 1 मार्च 1869. मनोरा पुरा झाला नोव्हेंबर 1878 मध्ये. ग्रंथालय रीतसर खुलं झालं 1880 साली. म्हणजे देणगीपासून मनोरा पुरा होईपर्यंत चौदा वर्षं, आणि मध्ये दात्याचं दिवाळं. 'बुडालेल्या माणसानं मनोरा कसा बांधला?' असं अनेक जण विचारतात. उत्तर याच सांगाड्यात आहे : देणगी बाजार बसण्याच्या आधीची आहे. बांधकामाचा एकूण खर्च साडेपाच लाखांच्या आसपास गेला. चार लाख आणि साडेपाच लाख यांतला फरक समजून घ्यायचा तर मधल्या वर्षांतल्या व्याजाचे हिशोब बघावे लागतात, आणि ते शिक्षण खात्यात सापडतीलच असं नाही.

सांगाडा हाताशी असला की कोणत्या खात्याचा कोणत्या वर्षाचा खंड मागायचा हे ठरतं. देणगी स्वीकारणं हे शिक्षण खात्याचं काम. इमारतीचे नकाशे, अंदाजपत्रक, दगड, मजुरी हे सार्वजनिक बांधकाम खात्याचं. ठेव आणि व्याज वित्त खात्याचं. एकाच मनोऱ्याचे कागद अशा तीन ठिकाणी विखुरतात. शिवाय पत्रव्यवहार लांबला की तो सुरू झालेल्या वर्षाऐवजी पुढच्या एखाद्या वर्षाच्या खंडात बांधलेला असतो. म्हणून अपेक्षित वर्षाच्या मागे एक आणि पुढे दोन अशी किमान चार वर्षांची अनुक्रमणिका चाळावी.

महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयाचं मुंबईतलं दप्तर काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलं आहे. वाचनाच्या वेळा आणि परवानगीची रीत जाण्याआधी विचारून घ्यावी. बरोबर ओळखपत्र, विषय नेमका सांगणारा अर्ज आणि शक्य असल्यास एखाद्या संस्थेचं शिफारसपत्र न्यावं. अर्जात 'आमच्या घराण्याचा इतिहास' असं मोघम लिहू नये. 'अमुक देणगी, अमुक ते अमुक साल, अमुक खातं' असं लिहिलं की मदत करणाऱ्यालाही दिशा मिळते. मागणीचिठ्ठीवर खातं, वर्ष, खंड क्रमांक आणि संकलन क्रमांक हे चारही घालावे लागतात. यातलं एक जरी चुकलं तर दुसराच खंड पुढ्यात येतो. वाचताना फक्त शिसपेन्सिल वापरावी. पानं उलटताना बोटाला थुंकी लावू नये, कागद कोपऱ्याला न धरता मधून आधार देऊन उलटावा. छायाचित्रांना परवानगी आहे का आणि किती पानांना, हे आधीच लेखी घ्यावं.

दीडशे वर्षांपूर्वीचा कागद अनेकदा ठिसूळ असतो, शाई आरपार खाल्लेली असते आणि असा खंड वाचकाला दिला जात नाही. तो न देणं योग्यच आहे. त्यावर एक खात्रीचा उपाय आहे : मुंबई सरकारच्या कामकाजाच्या प्रती त्या काळी नियमानं लंडनला जात, आणि त्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या जुन्या खात्याच्या, दप्तरात आहेत. तिथे राहणारं कोणी नात्यातलं किंवा ओळखीचं असेल तर खातं आणि महिना कळवून ठराव काढून घेता येतो. लंडनच्या प्रतीत मूळ पत्राचा कधी फक्त सारांश असतो, पण ठरावाचा क्रमांक आणि तारीख मिळते. तेवढ्यावर इथला शोध पुन्हा सुरू करता येतो.

सरकारी दप्तराइतकंच मोलाचं असतं ते देणगी घेणाऱ्या संस्थेचं स्वतःचं दप्तर. विद्यापीठाच्या बाबतीत सिनेट आणि सिंडिकेट या कारभारी मंडळांची इतिवृत्तं, दीक्षान्त समारंभांतली भाषणं आणि दरवर्षी छापलं जाणारं विद्यापीठाचं कॅलेंडर, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तक. या कॅलेंडरांत देणग्यांची यादी अटींसह छापली जाई. एकाच देणगीची नोंद ओळीनं दहा वर्षांच्या कॅलेंडरांत वाचावी : शब्द कुठे बदलले, 'घड्याळाचा मनोरा' जाऊन 'राजाबाई टॉवर' केव्हा आलं, रक्कम तीच राहिली का. आपल्या 'वापर' या रकान्याचं उत्तर इथून मिळतं. आम्हाला विचाराल तर नवख्या माणसानं सुरुवात या कॅलेंडरांपासूनच करावी. ती छापील आहेत, वाचायला सोपी आहेत, आणि सरकारी ठरावाचा माग त्यांतूनच लागतो.

आता नावांची अडचण. यात जितका वेळ जातो तितका बाकी कशातच जात नाही.

पहिलं म्हणजे स्पेलिंग. 1860 च्या दशकात 'प्रेमचंद' इंग्रजीत लिहिताना शेवटच्या 'चंद'मध्ये 'ए'च्या जागी सर्रास 'यू' येई. 'रायचंद'चा 'राय' हा 'रॉय' होई. आजच्या स्पेलिंगनं डिजिटल शोध घेतला तर निम्मे उल्लेख निसटतात. किमान चार-पाच रूपं कागदावर लिहून प्रत्येक रूपानं वेगळा शोध घ्यावा. दुसरं, 'रायचंद' हे आडनाव नव्हे, वडिलांचं नाव आहे. वडील रायचंद दीपचंद. त्यामुळे आडनावाप्रमाणे लावलेल्या सूचीत ते एकदा 'प'खाली आणि एकदा 'र'खाली सापडतात, आणि 'रायचंद कुटुंब' म्हणून शोध घेतला तर भलतीच रायचंद नावाची माणसं गळ्यात पडतात.

तिसरा सापळा फार फसवा आहे : एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या. सर जमशेटजी जीजीभाईंना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, आणि पुढच्या प्रत्येक वारसानं 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव घ्यायचं असं कायद्यानं ठरलं. पहिले जमशेटजी 1859 मध्ये वारले. त्यानंतरच्या कागदात 'सर जमशेटजी' किंवा 'लेडी जमशेटजी' दिसलं तर ते मूळ दांपत्य असू शकत नाही किंवा नसण्याची शक्यता मोठी, कारण सुनेलाही तोच मान आणि तेच नाव. कागदाची तारीख पाहिल्याशिवाय व्यक्ती ठरवूच नये. कावसजी जहांगीर घराण्याचंही तेच. मनोऱ्याशेजारच्या दीक्षान्त सभागृहाला पैसे देणारे सर कावसजी जहांगीर रेडीमनी हे 1878 साली वारले. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीचे दाते सर कावसजी जहांगीर हे नंतरच्या पिढीतले. गॅलरी 1952 ची, आणि तिचं नाव दात्याच्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, स्मृतीसाठी आहे. दोन इमारतींत चालत दहा मिनिटांचं अंतर, दात्याचं नाव सारखंच, माणसं मात्र वेगळी.

माहीमच्या कॉजवेचं उदाहरण याच संदर्भात जरा सविस्तर सांगायला हवं, कारण 'लेडी जमशेटजी' हे नाव स्वतःच तारीख सांगतं. आवाबाईंनी या रस्त्यासाठी 1,57,000 रुपये दिले, आणि रस्त्यावर जकात घेऊ नये ही अट घातली. मुंबई बेटातून उत्तरेच्या साष्टी बेटात जायचं तर तेव्हा होडी लागे आणि पावसाळ्यात ती बेभरवशाची. रस्ता 1845 मध्ये खुला झाला. जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला 1842 साली. म्हणजे आवाबाई 'लेडी' झाल्या त्याच वर्षी. 1842 च्या आधीच्या एखाद्या कागदात 'लेडी जमशेटजी' असा उल्लेख दाखवला जात असेल तर तो कागद नंतरची नक्कल आहे किंवा तारीख चुकलेली आहे. अशी किताबाची वर्षं प्रत्येक घराण्यासाठी काढून ठेवावी : सर, रावबहादूर, खानबहादूर, नगरशेठ, जे. पी. (जस्टिस ऑफ द पीस). कागदाचं वय ठरवायला ती फार उपयोगी पडतात. कॉजवेकडे जाणाऱ्या लेडी जमशेटजी रस्त्याला आज लोक 'एल. जे. रोड' एवढंच म्हणतात. आवाबाई हे नाव त्यात पूर्वीही नव्हतं, पतीच्या नावामागेच त्या होत्या. राजाबाईंचं स्वतःचं नाव मनोऱ्यावर आलं, हे त्या काळात किती वेगळं होतं ते इथे कळतं.

चौथी अडचण टोपणनावांची. भाऊचा धक्का ज्यांच्यावरून ओळखला जातो ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. लोक त्यांना 'भाऊ' म्हणत. 'भाऊ' या शब्दानं कोणतीही सूची उघडली तर काही निष्पन्न होणार नाही. घरातल्या थोरांना आधी विचारावं की आजोबा-पणजोबांना हाक कशी मारत, आणि सही कशी करत. हाक वेगळी, सही वेगळी.

वर्तमानपत्रांत शोध घेताना दात्याची भाषा ध्यानात ठेवावी. इंग्रजी पत्रांत पायाभरणीचं वर्णन, कोण साहेब हजर होते, भाषण काय झालं हे मिळतं. घरची माहिती, आईचं नाव, ज्ञाती, मूळ गाव हे गुजराती पत्रांत जास्त. 'मुंबई समाचार' 1822 पासूनचा, 'रास्त गोफ्तार' 1851 पासूनचा. मराठी वाचकांपर्यंत काय पोचलं हे 1862 मध्ये सुरू झालेल्या 'इंदुप्रकाश'मधून कळतं. डिजिटल शोधात 'राजाबाई' टाकलं की 1891 च्या बातम्यांचा पूर येतो. त्या वर्षी एप्रिलमध्ये मनोऱ्यावरून पडून दोन पारशी तरुणींचा मृत्यू झाला होता आणि त्या प्रकरणावर पुढे बरंच लिहिलं गेलं. नावाचा शोध घेणाऱ्यानं तारखेची मर्यादा 1864 ते 1880 अशी घालावी. 'विद्यापीठाचं घड्याळ' असं शोधलं तर 1880 च्या दशकातला दुसराच वाद हाती लागतो : घड्याळात मद्रासची वेळ लावायची की मुंबईची. तो वाचनीय आहे, पण नावाशी त्याचा संबंध नाही.

तारखा जुळवताना तीन पंचांगं लागतात. मराठी कागदातल्या शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथींसाठी 79. गुजराती विक्रम संवत कार्तिकात, दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. म्हणून कार्तिक ते डिसेंबरअखेर 57 वजा करायचे आणि जानेवारी ते आश्विन 56. पारशी यज्दगर्दी सनात सुमारे 630 मिळवायचे, आणि ते वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात बदलतं. उदाहरण घ्या : 1864 ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली. ऑगस्टचं पत्र आणि ऑक्टोबरचं पत्र दोन्ही संवत 1920 मधली. सरसकट 57 वजा करणारा माणूस ती 1863 मध्ये ढकलतो, आणि मग त्याला त्या वर्षाच्या खंडात काहीच मिळत नाही.

जागेवर जाऊन पाहणं हा टप्पा मुद्दाम उशिरा ठेवला आहे. आधी गेलं की जे दिसतं त्यावर हकिकत रचली जाते. फोर्टचं संकुल चालू विद्यापीठ आहे आणि मनोरा चढायला लोकांना खुला नाही, त्यामुळे आत पाहायचं तर परवानगी हवी. बाहेरून पाहताना एक गैरसमज टाळावा : वरच्या भागातल्या पुतळ्यांत राजाबाई किंवा त्यांचं कुटुंब शोधू नये. ते 24 पुतळे पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातिजमातींचे आहेत. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईला कधी आलेच नाहीत. या पुतळ्यांचे नमुने इथले सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी तयार केले. मनोऱ्याची गोष्ट सांगताना या मराठी माणसाचं नाव राहून जातं, ते राहू नये. दुसरं, कोणत्याही वास्तूवरची पाटी वाचताना तिच्यावरची तारीख कशाची आहे हे नीट पाहावं. पायाभरणीची, पूर्ततेची की उद्‌घाटनाची? त्यांत नऊ-दहा वर्षांचं अंतर पडू शकतं, हे या मनोऱ्यातच दिसतं.

आता अंधत्वाची गोष्ट. राजाबाईंना दिसत नव्हतं, जैन धर्माप्रमाणे त्या सूर्यास्तापूर्वी जेवत, आणि मनोऱ्याच्या ठोक्यांवरून त्यांना कोणाला न विचारता वेळ कळावी म्हणून मुलानं हे घड्याळ बांधलं, असं सांगतात. गोष्ट हृद्य आहे आणि खरी असूही शकते. ती तपासायची तर तीन गोष्टी पाहायच्या. देणगीच्या पत्रात असं कारण दिलं आहे का? गोष्ट पहिल्यांदा छापून कधी आली, दात्याच्या हयातीत की 1906 मध्ये ते गेल्यानंतर? आणि घड्याळ वाजू लागलं तेव्हा आई हयात होती का? देणगी 1864 ची, मनोरा 1878 चा, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न टाळता येत नाही. आणखी एक व्यावहारिक मुद्दा आहे. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. तेव्हाची मुंबई वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती, म्हणजे त्या घड्याळात ही वेळ साधारण सव्वापाच-साडेपाच ते पावणेसात अशी सरकत असणार. ठोक्यांवरून तास कळतो. आजचा सूर्यास्त किती वाजता, हे वेगळं ठाऊक असावं लागतं. यानं गोष्ट खोटी ठरत नाही. पण ती 'ऐकीव' रकान्यातून 'कागद' रकान्यात नेण्याइतका आधार अजून हवा, एवढं ठरतं. घराण्याच्या आठवणीला दुखवायचं कारण नसतं. तिच्यापुढे 'असं सांगतात' हे दोन शब्द प्रामाणिकपणे लिहिले की पुरे.

घराण्याच्या बाजूचे कागद म्हणजे मृत्युपत्रं, न्यासपत्रं, वंशावळी. मुंबई उच्च न्यायालय 1862 चं. त्यानंतरच्या मृत्युपत्रांचा प्रोबेट, म्हणजे न्यायालयानं मृत्युपत्राला दिलेली मान्यता, तिथल्या दप्तरात शोधावा. बाईचं मृत्युपत्र क्वचित मिळतं, म्हणून पतीचं आणि मुलाचं दोन्ही पाहावं. त्यांत आईच्या निर्वाहाची तरतूद असते आणि तिथे तिचं नाव येतं. कौटुंबिक धर्मादाय संस्था असेल तर तिचं न्यासपत्र धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं, आणि त्याच्या सुरुवातीच्या कलमांत अनेकदा घराण्याची थोडक्यात हकिकत असते. प्रेमचंदांसारखा दाता असेल तर दिवाळ्याच्या काळातले कागदही पाहावेत : जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाचा छापील अहवाल त्यांच्या व्यवहारांसाठी मोठं साधन आहे.

मराठी घराणी याच कामाला लागतात तेव्हा साधनं बदलतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मूळ गाव आणि आडनाव सांगून पूर्वजांच्या सह्या काढून मिळतात. जाताना आज राहतो ते गाव न सांगता मूळ गाव सांगावं, कारण वह्या गाववार असतात. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे एका बाईची दोन नावं असतात. माहेरचं नाव माहेरच्या घराण्याच्या वहीत, सासरचं सासरच्या. दोन्ही जुळवल्याशिवाय ती एकच बाई आहे हे सिद्ध होत नाही. पेशवाईतली वास्तू असेल तर पुण्याचं पेशवे दप्तर, म्हणजे मोडी आणि रुमालात बांधलेले कागद. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून अक्षरशः लिप्यंतर करून घ्यावं, सारांशावर भागवू नये. सारांश करणारा हमखास 'वडील', 'चुलते', 'कारभारी' ही नाती आपल्या समजुतीनं भरतो.

कधी संबंध उलटाही निघतो, आणि तेही आनंदानं स्वीकारावं. पुण्याच्या तुळशीबागेचं नाव तुळशीच्या जुन्या बागेवरून आलं. तिथे राममंदिर उभारणारे नारो आप्पाजी हे मूळचे खिरे, आणि पुढे घराणंच तुळशीबागवाले झालं. जागेला घराण्याचं नाव नव्हे, घराण्याला जागेचं. म्हणून शोध सुरू करतानाच पाहावं की आपलं आडनाव वास्तूच्या आधीच्या कागदात आहे का. नसेल तर दिशा बदलावी.

रस्ते आणि चौक यांचं काम त्या मानानं सरळ असतं. महापालिकेचा ठराव, त्याचा क्रमांक आणि तारीख मिळाली की झालं. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना रस्त्याचं आजचं नाव, आधीचं नाव आणि विभाग हे तिन्ही लिहावं.

सगळं जमल्यावर संस्थेकडे माहितीफलक लावण्याची किंवा दुरुस्त करण्याची विनंती करायची असेल तर कागदांचा एकच संच बांधावा : देणगीपत्राची प्रमाणित प्रत, मंजुरीचा ठराव, संस्थेच्या वार्षिकातली पहिली छापील नोंद, उद्‌घाटनाची बातमी आणि वंशावळ. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर दप्तराचं नाव, खंड, पान. फलकाचा मजकूर आपणच तयार करून द्यावा, पन्नासेक शब्दांत, आणि त्यात 'कागद' रकान्यातलंच घ्यावं. राजाबाई टॉवरसाठी आम्ही तो असा मांडला : 'राजाबाई टॉवर. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचं नाव त्यांच्या इच्छेनुसार देण्यात आलं. आराखडा : सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. पुतळ्यांचे नमुने : रावबहादूर मुकुंद रामचंद्र. पायाभरणी 1 मार्च 1869, पूर्तता नोव्हेंबर 1878.' अंधत्वाची हकिकत यात नाही. ती सोबतच्या टिपणात, 'असं सांगतात' या शब्दांसह, आणि पहिल्या छापील उल्लेखासाठी कोरा रकाना ठेवून दिली आहे. संचाच्या तीन प्रती कराव्यात : एक संस्थेला, एक घराण्याकडे, एक एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात पोच घेऊन.